अप्पांचे ओटीपी

घरातल्या सगळ्या ॲपना मी अप्पांचाच मोबाइल नंबर देऊन ठेवला होता. कोणत्या डोक्याने, ते मला आजही सांगता येणार नाही. अप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावात जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि आई गेल्यावर जे. पी. नगरला माझ्याकडे राहायला आले. मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून भाजी मागवायची, ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा, आणि तो विचारायला मी त्यांना फोन करायची. डोकेदुखी इथून सुरू व्हायची.

कारण अप्पा सुटे आकडे कधी सांगत नसत. सहा आकडी संख्या लाखापासून नीट वाचायची आणि मग तिची चौकशी करायची, ही त्यांची पद्धत. एकदा आला चार लाख एकाहत्तर हजार चारशे एकाहत्तर. "स्वल्प थांब की," म्हणाले. तेच तीन आकडे त्याच क्रमाने पुन्हा आले की सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही भाग जातो, हे मला समजावलं. शिवाय त्यांची घरगुती वर्गवारी होतीच. संख्येला स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज तिच्यापेक्षा कमी भरली तर ती कंजूष, जास्त भरली तर उधळी. ही कंजूष निघाली. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. मी मीटिंगच्या दारात उभी राहून दातओठ खात होते आणि ते तिकडे खूश.

मग एका दुपारी ते म्हणाले, दोन लाख आठ हजार सहाशे पंचेचाळीस. आणि लगेच, ही मूळसंख्या आहे, हिला कशानेच भाग जात नाही. इतकं झटपट कधी सुटले नव्हते म्हणून मी आनंदाने आकडे टाकले, भेंडी मागवली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, शेवटी पाच आहे. पाचने भाग जातो हे तिसरीतलं पोरही सांगेल.

थट्टा केली असेल. फळ्यावर मुद्दाम चूक करून कोण हात वर करतं ते बघायची त्यांची जुनी खोड, घरी मलाही असं कितीदा पकडलेलं. पण तेव्हा चेहरा दिसायचा, फोनवर काय दिसणार? चष्मा नसेल लावला म्हणावं, तर संख्या बरोबर वाचली होती. हसायचं की घाबरायचं, तेच मला ठरवता येईना. बसमध्ये मी दोन्ही करून पाहिलं.

घरी पोचले तर ते भेंडी पुसत बसले होते. मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "अप्पा, दुपारच्या संख्येच्या शेवटी पाच होता."

"मग पाच असला की काय होतं?" त्यांनी विचारलं. अगदी वर्गात विचारायचे तसं.

परीक्षा घेताहेत म्हणून मला इतकं हायसं वाटलं, की मी ताठ बसून उत्तर दिलं, पाचने भाग जातो. ते हातातल्या भेंडीकडे बघत राहिले. शाबास म्हणाले नाहीत, हसलेही नाहीत.

मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."