टॅबमधल्या बाई

त्या वर्षी शिशुवर्गाच्या बाई पहाटे उठल्या की आधी ‘आ’ म्हणून बघायच्या. नळाला पाणी आलंय का ते बघावं, तसं. आवाज असायचा, पण अर्धा तास, फार तर पाऊण. मग तो बारीक व्हायचा, खरखरायचा, आणि शाळेची घंटा होईपर्यंत घशात नुसती हवा उरायची.

आणि हे कोणाच्या नशिबी यावं? तर ज्यांच्या एका हाकेनं मैदानाच्या पार टोकाची मुलं जागच्या जागी बसत, त्या बाईंच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तोच कोपऱ्यातला वर्ग सांभाळला. पालकांमधले निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले. मुलाला सोडायला आलेला चांगला मिशीवाला बापईगडी बाईंचा आवाज ऐकला की नकळत शर्ट खोचायचा. असा तो आवाज होता, आणि बाईंना त्याचा गर्व होता हेही सांगून टाकते.

कानघशाच्या डॉक्टरांनी आरशानं बघून सांगितलं की गाठी आहेत, दोन. बोलणं बंद ठेवा आणि कुजबुजणं तर मुळीच नको, त्यानं घसा जास्त बिघडतो. शेवटी ऑपरेशन लागेल. आवाज परत येईल, नाही येणार, किंवा वेगळाच येईल. बाईंनी तो कागद चौघडी करून पर्सच्या तळाशी घातला आणि शाळेत अवाक्षर काढलं नाही. कारण होतं. मागच्या वर्षी हस्तकलेच्या बाईंचा गुडघा गेला, तेव्हा त्यांना ऑफिसातल्या प्रवेशअर्जांच्या टेबलावर ‘तात्पुरतं’ बसवलं होतं. अजून तिथेच होत्या बिचाऱ्या. दिवसभर अर्जांवर फोटो चिकटवायच्या. खिडकीतून ती खुर्ची दिसली की बाई नजर वळवून भराभर पुढे जायच्या. वर्ग गेला तर मी कोण, एवढा साधा प्रश्न होता.

अशात शाळेत सहा टॅब आले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना शाळा भरण्याआधीच बोलावलं. मोठ्या बाई वयानं धाकट्या आणि हुद्द्यानं मोठ्या, त्यामुळे दोघी एकमेकींना जपून अहो-जाहो करत. एक प्रशिक्षक आला होता. त्यानं ब्लेंडेड लर्निंग समजावलं, थोडं टॅबवर, थोडं हातानं, थोडं एकमेकांशी. पहिली खोडी बाईंनीच काढली. पोरांना मिक्सरमध्ये घालून फिरवायचं की काय, असं त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मग प्रशिक्षक सहज बोलून गेला की यात स्वतःच्या आवाजात गोष्टी भरून ठेवता येतात, एकदा बोला आणि वर्षभर ऐकवा. बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, आधी माझ्या वर्गाला द्या. शेजारच्या वर्गातल्या नव्या बाईंच्या हातातला चहा हिंदकळला.

मग पहाटेचा तो अर्धा तास टॅबचा झाला. बाई आतल्या खोलीत गाद्यांच्या चळतीला टेकून बसायच्या, टॅब ओठांजवळ धरायच्या आणि उरलेला आवाज त्यात ओतायच्या. बाहेरच्या खोलीत यजमानांचं शिवणयंत्र. ते टेलर मास्तर. घरात बाई आहेत, मास्तर आहेत, तरी साधा गॅसचा फॉर्म भरायला शेजारीण लागते, असा त्यांचा जुना विनोद होता. गणवेशांची घाई असल्यानं मास्तरही पहाटेच उठून यंत्रावर बसत. त्यांना एकट्यांना गाठींचं माहीत होतं. ते फक्त चहात मध घालून कप दारातून आत सरकवत.

भरताना बाई स्वतःचं ऐकायच्या. तो आवाज त्यांना ओळखीचाही वाटायचा आणि परकाही. कुठल्या तरी तरण्या बाईचा, जिला अजून काही झालेलं नाही अशा बाईचा. ऐकता ऐकता डोळे मिटायचे, बाहेरून यंत्राची खटखट यायची, आणि आपण बोलतोय की ऐकतोय हेच त्यांना कळेनासं व्हायचं.

वर्गात त्यांनी तीन जागा केल्या. सतरंजीवर टॅब, दोन-दोन मुलांत एक, आणि फक्त दहा मिनिटं. टेबलावर माती, मणी आणि दोरे, टॅबमध्ये जे ऐकलं ते हातानं करायला. आणि खिडकीखाली नुसतं बसायचं, केलेलं दुसऱ्याला सांगायचं. बाई स्वतः गप्प. बोटानं, भुवयांनी, फार तर टाळी वाजवून वर्ग चालायचा. नव्या बाईंना वाटलं, केवढी ही आधुनिक पद्धत! बाईंनी ते वाटू दिलं.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा उघडकीला आला. टॅबमध्ये एक गोगलगाय होती, भिंतीच्या या टोकाकडून त्या टोकाला निघालेली. पण गोष्टीच्या मध्येच खटखटखट ऐकू यायचं, आणि एकदा तर स्पष्ट, “अगं, माझा चष्मा कुठाय?” बाईंना खोडणं जमत नव्हतं, आणि पुन्हा भरायला आवाज कुठून आणणार? आता हसं होणार म्हणून त्या धास्तावल्या. मुलं मात्र शहाणी. त्यांनी ठरवून टाकलं की खटखट झाली की गोगलगाय पळते, आणि भिंतीत एक आजोबा राहतात त्यांचा चष्मा हरवलाय. टेबलावर मातीचे चष्मे व्हायला लागले. एके दिवशी टॅबसमोर अकरा चष्मे ओळीनं मांडलेले, आजोबांना कुठला तरी बसेल म्हणून. घरी सांगितल्यावर मास्तर इतके हसले की त्यांना सुई खाली ठेवावी लागली.

त्या दिवसांत बाई पाण्याखाली असल्यासारख्या वावरायच्या. वर्गातली उन्हाची तिरीप सतरंजीवरून टेबलाकडे सरकायची, मणी टपटप पडायचे, आणि आपलाच आवाज सतरंजीच्या चार कोपऱ्यांतून हळू हळू, थोडा मागेपुढे, चार वेगवेगळ्या ठिकाणची गोष्ट सांगत असायचा. स्वतः न बोलल्यानं त्यांना भलतंच ऐकू यायला लागलं होतं. खिडकीखाली एक मुलगी दुसरीला सांगत होती की गोगलगायीचं घर पाठीवर असतं म्हणून तिच्या आई-बाबांची भांडणं झाली तर तिला बाहेर जाता येत नाही. एक मुलगा मण्यांची माफी मागत होता. अठ्ठावीस वर्षं हे सगळं इथेच चाललं असणार, आणि आपण वरून बोलत राहिलो, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

एका मुलाला त्या मनातल्या मनात ‘काबरं’ म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होई. तो एकदा टॅब पोटाशी धरून त्यांच्याजवळ आला आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. बाईंनी भुवया उंचावल्या.

“का बरं तुम्ही बोलत नाही? आतल्या बाई बोलतात,” तो म्हणाला. “तुम्ही त्यांच्या आई आहात का?”

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसल्या. दुपारच्या सुट्टीत मात्र त्यांना डबा गेला नाही. आपल्याच आवाजाचा मत्सर वाटावा, हे कोणाला सांगायचं तरी कसं?

तरी असं अडीच महिने निभावलं. मोठ्या बाई येताजाता दारातून डोकावायच्या, मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. बाईंना वाटलं, जमलं बुवा. वर्ष निघेल.

मग तो दिवस आला. मुलं मैदानात खेळत होती. पाण्याचे जार आणणारा टेम्पो जाताना फाटक उघडं टाकून गेला. वर्गात ‘भिंगरी’ नावानं ओळखली जाणारी एक चिमुरडी होती, पायाला चाकं लावल्यासारखी. तिला फाटकापलीकडे कोणाचा तरी फुगा दिसला आणि ती सुटली. बाईंनी बघितलं. मैदानाच्या पार टोकाला पोचणारी ती हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. टाळी वाजवली, ती मुलांच्या गलक्यात विरली. मग त्या धावल्या, पण चोपन्न वर्षांचे पाय ते. फाटकापाशी फरशी पुसणाऱ्या मावशींनी बादली टाकली आणि रस्त्याच्या कडेला भिंगरीचा फ्रॉक मागून धरला. एक मोटारसायकल करकचून वळून गेली.

बाई धापा टाकत पोचल्या. त्यांनी पोरीला उराशी धरलं. भिंगरी घाबरलेली नव्हती, रागावलेली होती.

“तुम्ही हाकच नाही मारली,” ती म्हणाली. “मारली असती तर मी थांबले असते ना.”

बाईंनी मुलांना नव्या बाईंच्या स्वाधीन केलं, पर्सच्या तळातला कागद काढला आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. कागद टेबलावर ठेवला. मोठ्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि मग त्यांचं जे बोलणं सुरू झालं, ते बाईंनी मान खाली घालून ऐकलं. अडीच महिने! चोवीस पोरं तुमच्या भरवशावर, आणि तुम्हाला हाक मारता येत नाही हे कोणाला माहीत नाही. आज मावशी तिथे नसत्या तर? काय तोंड दाखवलं असतं त्या आईबापांना? मोठ्या बाई रागानं लाल झाल्या होत्या, आणि त्यांचा प्रत्येक शब्द खरा होता. सोमवारपासून रजा, त्या म्हणाल्या. आधी ऑपरेशन. तोवर नव्या बाई वर्ग बघतील, तुम्ही त्या वर्गात पाऊल टाकायचं नाही.

संपलं, असं बाईंना वाटलं. दाराच्या फटीतून बाहेरचं टेबल दिसत होतं, डिंकाची बाटली आणि अर्जांचा गठ्ठा. हस्तकलेच्या बाई मान खाली घालून फोटो चिकटवत होत्या. आपल्याला शेजारची खुर्ची मिळेल, असा हिशेब बाईंच्या मनात होऊनही गेला.

मोठ्या बाईंनी कागद घडी करून परत दिला. बोलल्या तेव्हा आवाज उतरला होता.

“पंधरा वर्षं मी त्या दारावरून रोज जाते. नेहमी तुम्हीच ऐकू यायच्या. या अडीच महिन्यांत पहिल्यांदा मुलं ऐकू आली. मी उभी राहून ऐकायचे, तुम्हाला दिसू नये अशी.” त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली. “बऱ्या होऊन या. आवाज आला तर उत्तम. नाही आला तर हाका मारायला मी दुसरी बाई देईन बरोबर. वर्ग तुमचाच आहे.”

बाईंना बोलायचं होतं. अठ्ठावीस वर्षांचं सगळं, एकदम. त्यांनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या.

मोठ्या बाईंनी टेबलावर हलकेच पट्टी आपटली.

“अंहं,” त्या म्हणाल्या. “हाताची घडी, तोंडावर बोट.”

चोपन्न वर्षांच्या बाईंनी मोठ्या बाईंसमोरच्या खुर्चीत हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं, आणि तशाच बसून रडल्या.