अक्काची शाल

"कोपराला इचारा," असं म्हणत अप्पा बाही वर सारायचे आणि घंगाळातल्या पाण्यात कोपर बुडवायचे. पाणी कोमट लागलं तरच पश्मिन्याची शाल आत जायची. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बाया करतात ना, अगदी तसं. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असतात. मी तर नवी सून, तोंडाला पदर लावून खुसखुसायची.

चिटगुप्प्यात अप्पांची आणि आमची भिंत एकच. तरुणपणी ते हैदराबादेत एका नवाबाच्या घरी कपडे सांभाळायला होते. गावी परतल्यावर थंडी सरली की वकिलांच्या, देशमुखांच्या घरच्या उंची शाली त्यांच्याकडे येत. रिठ्याच्या पाण्यात अलगद दाबायच्या, कोरड्या धोतरात गुंडाळून पाणी टिपायचं, सावलीत बाजेवर पसरायच्या, मग कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून संदुकीत ठेवायच्या. स्वतःची बंडी मात्र दगडावर अशी आपटायचे की आमच्या अंगणात शिंतोडे यायचे.

एकदा मदत करायला गेले आणि सवयीनं शालीला पीळ दिला. अप्पा ओरडलेच, "पिळायलीस कामून पोरी? जीव हाय तिच्यात!" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून मूठभर भाजलेल्या शेंगा आल्या.

घरात त्यांना दुसरं कुणी नव्हतं. बायको, म्हणजे अक्का, माझ्या लग्नाआधीच गेलेली. अप्पा दिवसभर शालींशीच कानडीत बोलत बसायचे.

संदुकीच्या तळाशी एक डाळिंबी शाल होती. ती कुणी न्यायला येत नसे, तरी अप्पा दरवर्षी धुवायचे. एकदा विचारलंच.

"अक्काची हाय. बेगमसाहेबांनी दिलती," ते म्हणाले. मग बराच वेळ शालीवरून हात फिरवत राहिले. "तिला लई थंडी वाजायची. गेली तवा पुसाचा महिना. लोक म्हनले, शाल पांघरून बसवा. मीच म्हनलो, एवढी चांगली शाल मातीत कामून घालायची? नुसत्या लुगड्यावर बसवली तिला."

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात.

"मी गेलो की ही माझ्यासंगं घाल, पोरी. तिला द्यायची हाय."

"व्हय, अप्पा," मी म्हणाले. हे त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी अप्पा गेले. चिंताकीहून पुतण्या आला. भस्म लावून, भिंतीला टेकवून अप्पांना बसवलं होतं. मी संदुकीतून शाल काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. पुतण्यानं ती उचलली, बोटांनी चाचपली.

"एवढी चांगली शाल मातीत कामून घालायची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी दंड धरला. "गप. बाप्यांच्या मधी सुनंनं बोलू न्हाई."

एवढंच सांगायचं होतं, अप्पांनी मागितलीय म्हणून. फार तर सासूबाई रागावल्या असत्या. पण मी गप्प बसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

अक्काच्या शेजारीच त्यांना माती दिली. अप्पा तिच्याकडे रिकाम्या हातांनी गेले.