तीनदा उतरवलेला गिअरबॉक्स

टेम्पोचा गिअरबॉक्स उतरवायला दोन माणसं लागतात. एकाने खालून जॅक सांभाळायचा, दुसऱ्याने बॉक्स मागे ओढायचा. पहिला बोल्ट सोडल्यापासून बॉक्स जमिनीवर टेकेपर्यंत आम्हाला अडीच तास लागतात. परत चढवायला तीन. हा हिशोब आधीच सांगतो, कारण मार्च महिन्यात एकाच गाडीचा बॉक्स आम्ही तीन वेळा उतरवला आणि त्यातल्या दोन वेळा उतरवायची काहीही गरज नव्हती.

ओढणारा माणूस मी. कंबरेमुळे मी काम सोडून वर्ष झालं होतं. पण कोंडूने निरोप धाडला आणि मी गेलो.

कोंडू रोकडे मूळचा अकलोलीचा, राहायला टेमघरला. वय एकसष्ट. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत सादिकशेठचं ट्रान्सपोर्ट आहे. पाच गाड्या, एक लहान ऑफिस आणि पत्र्याच्या शेडखाली गाडीच्या पोटाखाली उतरायचा एक खड्डा. त्या खड्ड्यात कोंडूची एकतीस वर्षं गेली. इंजिन, ब्रेक दुसरे करायचे. हा फक्त क्लच करायचा. नाक्यावर शंभर पावलं पुढे सरकायला ड्रायव्हरला दहा वेळा क्लच दाबावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे क्लच लवकर झिजतात आणि कोंडू कधी रिकामा बसला नाही.

त्याची एक पद्धत होती. सीटवर बसायचं, पेडल दोनदा दाबायचं, एकदा हळू सोडायचं आणि सांगायचं, "दीड महिना." ड्रायव्हर हसायचे. दीड महिन्याने तीच गाडी खड्ड्यावर यायची. यात जादू नाही. जुन्या क्लचमध्ये प्लेट झिजली की पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे दाब लागण्याआधीची रिकामी चाल, कमी होतो, पाय जड पडतो. मग खालची नट फिरवून खेळ परत द्यावा लागतो. नट किती फिरली आणि पाय किती जड झाला, यावरून प्लेट किती उरली ते कळतं. कोंडूच्या पायाला ते पाठ होतं.

दुसरी पद्धत सगळ्या गल्लीची होती. झिजते ती मधली प्लेट. तिला दाबून धरणारं लोखंडी झाकण, म्हणजे प्रेशर प्लेट, दोन-तीन प्लेटांना पुरतं. म्हणून प्लेट नवी टाकायची, झाकण रॉकेलने धुवायचं, पट्टी लावून वाकलं का बघायचं आणि तेच परत बसवायचं. पूर्ण सेट बदलणाऱ्याला कोंडू मिस्त्री म्हणायचा नाही. दुकानदार म्हणायचा.

सादिकशेठने तीन वर्षांपूर्वी दोन नवे टेम्पो घेतले. त्यांच्या क्लचला खाली नटच नव्हती. झीज तो आपली आपण भरून काढतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. कोंडूने ऐकलं आणि सोडून दिलं. तीन वर्षं त्या गाड्या खड्ड्यावर आल्याच नाहीत.

मार्चमध्ये त्यातली एक आली. ड्रायव्हर सागर खाली उतरला.

"माणकोलीच्या पुलावर चढेना, काका. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी."

कोंडू सीटवर बसला. पेडल दोनदा दाबलं, हळू सोडलं.

"क्लच चांगला हाय. पहिल्या दिवसासारखं पेडल हाय."

"मग काय, मी डोक्यावर घेऊन आलो का गाडी?" सागर म्हणाला.

बॉक्स उतरवला. प्लेट झिजून रिवेटपर्यंत गेली होती. कोंडूने ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. एकतीस वर्षांत पायाने त्याला पहिल्यांदा चुकीचं सांगितलं होतं. "ड्रायव्हरने जाळली," एवढंच म्हणाला आणि झाकण धुवायला घेतलं.

झाकणाच्या आत एक पातळ पोलादी रिंग होती. तिला उतार काढलेले, कडेला तीन बारीक स्प्रिंगा. अशी रिंग आम्ही दोघांनीही आधी पाहिली नव्हती. तेवढ्यात उज्मा आली. सादिकशेठची मुलगी. लोडिंगचं सगळं ऑफिस तीच बघते. हातात फोन होता.

"कोंडूचाचा, कंपनीचं पुस्तक काढलंय मी. प्लेट झिजते तशी ही रिंग आपोआप पुढे सरकते. त्यामुळे पेडल बदलत नाही. आता प्लेट नवी टाकायची तर रिंग मागे फिरवून घ्यावी लागते. नाहीतर झाकणासकट सगळा सेट बदला, असं लिहिलंय."

"पुस्तक वाचून हात काळे होत न्हाईत, बेटी."

"होत नाहीत म्हणूनच पान दिसतं," उज्मा म्हणाली. कोंडूने वर बघितलं नाही, तशी निघून गेली.

मी तिथेच होतो. मीही ऐकलं.

नवी प्लेट, जुनं झाकण. संध्याकाळी बॉक्स चढला. कोंडूने इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि रिव्हर्स टाकला. गिअरचे दात दातांवर घासल्याचा आवाज गल्लीभर गेला. शेजारच्या कारखान्यातला लूमवाला बाहेर येऊन बघून गेला. पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नव्हता. कोंडू म्हणाला, क्लचच्या तेलात हवा असेल. अर्धा तास हवा काढली. हवा नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बॉक्स पुन्हा खाली. कोंडूचं म्हणणं, प्लेट जाड निघाली. दुसरी आणली. बेअरिंगही बदललं, त्याचं काही बिघडलेलं नसताना. रिंगला त्याने हात लावला नाही. झाकण पुन्हा तेच, तसंच. दीड वाजता बॉक्स चढला. रिव्हर्स टाकला. तोच आवाज.

अकरा तास दोन माणसांचे. माझी कंबर तोवर लाकडासारखी झाली होती. मी त्याला म्हणालो, "कोंडू, निदान कारण शोधून मग उतरव."

"कारन आतच हाय. न उतरवता कसं दिसंल?"

हे माझ्या बोलण्याला उत्तर नव्हतं.

सादिकशेठ खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. तो आणि कोंडू एका वयाचे. दोघे एकमेकांना अरे-तुरे करतात.

"कोंडू, दोन दिवस झाले. माल दुसऱ्याच्या गाडीत भरून दिला मी."

"प्लेट बरोबर न्हाय मिळाली."

"दोन प्लेटा बरोबर नाही मिळाल्या?" सादिकशेठने रुमालाने मान पुसली. "ऐक. उद्या बारापर्यंत गाडी देतोस तर ठीक. नाही दिलीस तर दोन्ही नव्या गाड्या मी कंपनीच्या वर्कशॉपला लावतो, कायमच्या. आणि जुन्या तिन्ही दिवाळीला विकून टाकतोय, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. जुन्या गाड्या गेल्या आणि नव्याही गेल्या तर त्या खड्ड्यात उतरायचं कारणच उरणार नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी दुसरा खड्डा कोण देतो? कोंडू नुसता "बरं" म्हणाला.

आम्ही जेवायला टेमघरला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको कौसल्या. वीस वर्षं तिने कापडाच्या कारखान्यात कांड्या भरल्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळलं. समोर चार लूम चालायचे, ते बघत. तिने भाकरी आणि सुकट वाढली आणि विचारलं, "झाली का गाडी?"

"न्हाय."

"दोन दिवस?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"सांगशील तर कळंल," ती म्हणाली.

त्याने चिडूनच सांगितलं. एक रिकामं ताट जमिनीवर ठेवलं, त्यावर झाकणी ठेवली. ही प्लेट. हे झाकण. प्लेट झिजते तशी झाकणातली रिंग पुढं सरकते. जितकी झीज तितकी सरकते. आपोआप.

"आन् नवी प्लेट टाकलीस तवा तिला मागं कोनी आनली?"

"आपोआप हाय ती."

"पुढं जायाला आपोआप. मागं यायाला कोन हाय?"

ती परातीतून भाकरी काढत बोलत राहिली. तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं. "ताण्याचा बीम, त्यो उभ्या सुताचा रूळ, भरलेला असतो तवा त्याला ताणून धरनारं वजन दांडीच्या टोकाला असतं. सूत संपत येतं तसा कारीगर वजन एकेक खाच आत घेतो. मंग नवा बीम चढतो. तवा पहिलं वजन परत टोकाला न्यावं लागतं. न्हायतर ताणा ढिला पडतो आन् कापड वाया. काल कामाला लागलेलाबी हे करतो. तुमी नवा बीम चढवला आन् वजन तितंच ठेवलं."

कोंडूने ताटावरची झाकणी उचलून बाजूला ठेवली.

"उज्मा हेच सांगत होती," मी म्हणालो.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याने ऐकलं होतं, समजलंही होतं. फक्त ते ऑफिसातून आलं होतं, म्हणून ते खोटं ठरावं यासाठी त्याने माझ्याकडून एक आख्खा दिवस राबवून घेतला होता. मी भाकरी संपवली. बोललो असतो तर जेवण तिथेच सोडून उठावं लागलं असतं.

साडेतीनला बॉक्स तिसऱ्यांदा खाली घ्यायला घेतला. सहाला तो जमिनीवर आला. झाकण शेजारच्या बेअरिंगवाल्याच्या प्रेसखाली नेलं. मी दांडा दाबून झाकणाच्या मधल्या पट्ट्या खाली धरल्या. कोंडूने दोन स्क्रू-ड्रायव्हरनी रिंग स्प्रिंगांच्या विरुद्ध मागे ढकलली. पहिल्या दोन वेळा ती निसटून पुढे आली. तिसऱ्यांदा मागे टेकली. ती तशीच राहावी म्हणून त्याने सायकलच्या स्पोकचे तुकडे खाली अडकवले. या सगळ्याला वीस मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला झाकण इंजिनच्या चाकावर बसवलं. कोंडूने बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळले. सगळे आवळून झाल्यावर स्पोकचे तुकडे काढले, मोजले आणि खिशात टाकले. मग बॉक्स चढवला. अकरा वाजता इंजिन चालू केलं. रिव्हर्स आवाज न करता पडला. पहिला पडला. सागरने नाक्यापर्यंत नेऊन आणली आणि म्हणाला, "काका, झाली."

कोंडूने हात धुतले आणि ऑफिसात गेला. मी दारात थांबलो. सादिकशेठ खुर्चीत होता, उज्मा समोर.

"बेटी, तू सांगितलं व्हतं," कोंडू म्हणाला. "मी आयकलं न्हाय. चूक माझी हाय."

उज्माने वडिलांकडे बघितलं. सादिकशेठने टेबलावरचा कागद उचलला आणि परत ठेवला.

"गाडी तयार हाय," कोंडू म्हणाला. "आता अकरा वाजलेत."

"कोंडू, काल संध्याकाळी तू तिसऱ्यांदा बॉक्स खाली घेतलास. मी बघितलं. मग मी वर्कशॉपवाल्याला बोलावून करारावर सही केली. दोन्ही गाड्यांची. वर्षाची."

"बारा म्हनाला व्हतास."

"म्हणालो होतो."

"मंग?"

"तिसऱ्यांदा उतरवणारा माणूस बारापर्यंत देईल असं मला वाटलं नाही." सादिकशेठ त्याच्याकडे न बघता बोलत होता. "जुन्या तीन आहेत तोपर्यंत तू आहेस."

"अब्बा, मी सांगितलेलं, आज बघू म्हणून," उज्मा म्हणाली. सादिकशेठने तो कागद घडी घालून खणात टाकला.

कोंडू भांडला नाही. भांडायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. सादिकशेठने शब्द दिला होता आणि तासभर आधी काम झालं होतं. पण कोंडू म्हणाला, "वर्कशॉपवाल्यांना सांग, दुसऱ्या गाडीची प्लेटबी झिजत आली असंल. पेडलवर जाऊ नका म्हनावं. खोलूनच बघा." आणि बाहेर आला.

गल्लीतून चालताना माझ्याने राहवेना. मी ऐकवलं. पहिल्या दिवशी रिंग मागे घेतली असतीस तर संध्याकाळी गाडी रस्त्यावर असती. वीस मिनिटांचं काम. त्यासाठी दोघांचे अकरा तास वर घालवलेस आणि खड्डाही.

आम्ही नाक्यावर आलो. शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहिल्यावर कोंडू म्हणाला, "उज्मा बोलत व्हती तवा तूबी खड्ड्यातच व्हतास ना?"

होतो. तिचं बोलणं मला पटलंही होतं. पण क्लच कोंडूचा, आपण बॉक्स ओढायला आलो आहोत, असं म्हणून मी गप्प बसलो होतो. टेमघरची रिक्षा आली. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मागे एक जागा रिकामी होती आणि मलाही तिकडेच जायचं होतं. मी पुढच्या रिक्षाची वाट बघितली.