बोकडाची अंघोळ

देवाला सोडलेलं बकरं कापण्याआधी त्याच्या पाठीवर पाणी ओततात. पाणी पडलं की ते अंग झाडतं. झाडलं की सगळे ओरडतात, "घेतलं, देवानं घेतलं!" आणि मग पुढचं काम मुलाण्याचं. झाडलंच नाही, तर सुरी बाजूला ठेवायची, देवाची मर्जी नाही म्हणायचं. मला एवढं माहीत होतं. आणि एवढ्याशा माहितीवर मी आमच्या बोकडाचा जीव वाचवायला निघाले होते. पंचविशी ओलांडलेली घोडी, एका पोराची आई, आणि अक्कल म्हणाल तर त्या बोकडाला माझ्यापेक्षा जास्त होती.

उसात वाघ यायला लागले होते तो काळ. धरणाचं पाणी कालव्यानं आलं, निरगुडसरच्या शिवारात जिकडेतिकडे ऊस झाला, आणि त्या उसात बिबट्याची बाळंतपणं व्हायला लागली. आम्ही त्याला वाघच म्हणतो. त्यानं आमची शेळी गोठ्यातून ओढून नेली. सकाळी खुंटीला दावं तेवढं होतं, आणि गव्हाणीखाली तिचं करडू थरथरत उभं होतं. नाळसुद्धा पुरती वाळली नव्हती त्याची. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, त्याला वर उचललं, नर आहे ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्येच त्ये. ह्ये म्हसोबाचं."

नवस माझ्याच पोराचा होता. पोरगं तान्हं असताना त्याच्या छातीत कफ भरला. मंचरच्या दवाखान्यात त्याला नळ्या लावल्या होत्या, मी बाहेरच्या बाकड्यावर बसून पदर चावत होते, आणि इकडे आत्याबाई अनवाणी बांधावरच्या म्हसोबाला जाऊन बोलून आल्या होत्या, नातू माघारी दे, तुला बकरं देते. नातू आला. बकरं द्यायचं राहून गेलं होतं.

पोराची जुनी दुधाची बाटली फडताळात होती, तिनंच मी त्या करडाला गाईचं दूध पाजलं. वाघाच्या भीतीनं ते घरातच झोपायचं. पोरगं माझ्या एका कुशीला, ते दुसऱ्या. दोघांनाही घोरायची सवय. आत्याबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "बाई, देवाच्या वस्तूला येवढा जीव लावू न्हाई."

"कुठं लावलाय? नुसतं दूध पाजतीय," मी म्हणायचे, आणि लगेच त्याच्या तोंडाला लागलेला फेस पदरानं पुसायचे. बघा म्हणजे.

कान कापून ते देवाला सोडलं तेव्हा मी शेजारच्या घरात जाऊन बसले. पुढं शिंगं फुटली, दाढी आली, अंगाला वास सुटला, तरी तो स्वयंपाक चालू असताना चुलीपाशी येऊन उभा राही आणि बटाट्याच्या साली मागे. मी शेतात निघाले की मागून टापा वाजायच्या. माझं पोरगं त्याला 'बें' म्हणायचं. दुसरं नाव ठेवलं नव्हतं. देवाच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं, एवढं तरी मी पाळलं.

मग एके दिवशी आत्याबाई म्हणाल्या, आळ्याहून नणंदबाई चैत्रात येणार आहेत, तेव्हा नवस फेडून टाकू.

मला अन्न गोड लागेना. पळवून नेऊ का त्याला? कुठं? माहेरी? कापल्या कानाचं बकरं घेऊन एसटीत चढणारी सून मी डोळ्यांपुढं आणून पाहिली आणि मलाच माझी कीव आली. तेवढ्यात आठवलं. माझ्या माहेरी, लोणीला, मी लहान असताना एका बकऱ्यानं अंग झाडलंच नव्हतं. किती पाणी ओतलं तरी ठोंब्यासारखं उभं. शेवटी म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, देवानं ह्याला माघारी दिलं. ते बकरं मग गावभर हिंडून, ज्याच्या त्याच्या दारात खाऊन, म्हातारं होऊन मेलं.

झालं. मी ठरवलं, आपला बोकड पाण्याला सरावून टाकायचा.

रोज सकाळी विहिरीवर नेऊन मी त्याला अंघोळ घालू लागले. सुरुवातीला तो असा अंग झाडायचा की मीच भिजून चिंब. मी परत ओतायची, तो परत झाडायचा. माझाही हट्ट मोठा. हळूहळू त्याचं झाडणं कमी झालं, आणि मग थांबलंच. डोळे मिटून, रवंथ करत, म्हैस डोहात बसावी तसा तो पाण्याखाली उभा राहायला लागला. एक खोड मात्र जाईना. अंघोळ झाली की मी पदरानं त्याला पुसायची. मान, कानामागं, पाठ. पुसता पुसता मी खाली वाकले की तो नेमका तोच मोका साधायचा आणि शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडून माझं तोंड भिजवायचा. वर मान वाकडी करून बघायचा, ही हसते का नाही. मी हसायची. म्हटलं, एवढं राहू दे. देवापुढं त्याला पदरानं पुसायला कोण जाणार आहे?

आत्याबाई गावभर सांगत सुटल्या. "देवाच्या बकऱ्याला रोज न्हाऊ घालती माझी सून. मला म्हातारीला येवढं सुचलं न्हाई." बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या आणि मी खाली मान घालून ते कौतुक गोळा करायची. लाज नावाची वस्तू त्या दिवसांत मी कुठं ठेवली होती, कोण जाणे.

नवस फेडायचा रविवार उजाडला. बांधावर लिंबाच्या झाडाखाली म्हसोबाला नवा शेंदूर लावला होता. बाजूला चुली पेटल्या होत्या, वाटण झालं होतं, पाहुणे सतरंजीवर बसले होते. मुलाणी फडक्यात सुरी गुंडाळून जरा लांब उकिडवा बसला होता. बोकडाला हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला. हारातली दोन फुलं त्यानं तिथंच खाल्ली. आमच्या मालकांनी पहिला तांब्या ओतला.

बोकड डोळे मिटून उभा.

दुसरा तांब्या. तिसरा. पाहुण्यांत हसं पिकलं. "काय राव, बकरं हाय का म्हस?" "आरं, साबन आना साबन, त्याबिगार न्हाई व्हायचं ह्येचं!" मी बायकांच्या मागं उभी, पदर तोंडात कोंबून. हसू दिसू नये म्हणून. मनातल्या मनात मी त्याला शाबासकी देत होते.

मग जाणत्या माणसांनी एकेकानं ओतलं. कानात फुंकर मारून झाली, पाठीवर अक्षता टाकून झाल्या. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. चुलीवरचं आधण उकळून उकळून आटायला लागलं. नणंदबाई माझ्याजवळ सरकल्या.

"वैनी, ह्ये बरं न्हाई."

मी शहाणपणानं म्हटलं, "देव माघारी देतोय त्याला. आमच्या लोणीला एकदा असंच..."

"लोणीचं लोणीला! ह्यो म्हसोबा तसला न्हाई. त्यो बकरं घेत न्हाई म्हंजे दिल्यालं माघारी घेतो."

"दिलेलं म्हणजे काय?"

सतरंजीच्या कडेला माझं पोरगं आडवं झालं होतं, तिकडं त्यांनी बघितलं.

लोणी काही काशीला नाही. एसटीनं तासाभराची वाट. तेवढ्या वाटेत देवाचं बोलणं असं फिरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं सुचायला डोकं लागतं.

मी धावले. पोराच्या कपाळाला हात लावला आणि हात मागं आला. तवा. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. "आये, डोकं," एवढंच म्हणालं आणि माझ्या अंगावर ओकलं.

मी दहावीपर्यंत शिकलेली होते. म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, हेही कुठंतरी माहीत होतं मला. पण त्या घटकेला तो धोंडा माझ्याकडं बघत होता, शपथ घेऊन सांगते. मला वाटलं, त्याला सगळं ठाऊक आहे. विहिरीवरची रोजची अंघोळ ठाऊक आहे. मी त्याला फसवायला निघाले आणि तो आता माझ्या पोराला नळ्यांसकट परत नेणार.

पोराला नणंदबाईंच्या मांडीवर टाकलं आणि मी मालकांच्या हातातला तांब्या हिसकावला. बोकडाच्या डोक्यावर ओतला, पाठीवर ओतला, परत भरला, परत ओतला. त्याला वाटलं, आलं आपलं माणूस. कान पाडून, पाय फाकवून तो आणखी निवांत उभा राहिला.

"झाड रे," मी म्हणाले. "झाड बाबा. झाड की. पाया पडते तुझ्या."

तो रवंथ करत होता. आयुष्यात मी एवढं एकच कुणाला तरी शिकवलं, आणि ते त्यानं असं मन लावून शिकून घेतलं होतं.

मी बादलीच उपडी केली. चिखलात गुडघ्यावर बसून त्याचे पाय धरले. मागं मालक कुणाला तरी मोटारसायकल आणायला सांगत होते, पोराला मंचरला न्यायला. कुणी म्हणत होतं, नवस अर्धा टाकून उठू नका. मला सगळं लांबून ऐकू येत होतं. मी देवाला सांगत होते, चूक माझी, पोराची नाही. बोकडाला सांगत होते, झाड. दोघंही ऐकत नव्हते.

आत्याबाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. माझ्या कानाशी, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ही सवय तूच लावलीस न्हवं?"

मी बोकडाचे पाय आणखी घट्ट धरले.

"मंग तूच मोड."

मला वाटलं होतं त्या शिव्या देतील. "त्येबी लेकरू तुजं, आन् ह्येबी तुजंच," त्या म्हणाल्या. "म्या काय सांगू तुला, पोरी?"

मी ओतलेल्या पहिल्या तांब्यापासून मला माहीत होतं काय करायचं ते. माहीत होतं म्हणूनच मी बादल्या ओतत बसले होते.

मी खांद्यावरचा पदर काढला. त्याची मान पुसली. मग कानामागं, घरी पुसते तशी. त्यानं डोळे उघडले. पाठ पुसताना मी वाकले, त्याला हवं असायचं तेवढीच. त्यानं जरा वेळ जाऊ दिला. मला क्षणभर वाटलं, विसरला. आणि मग त्यानं शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. हळदीचं पाणी माझ्या डोळ्यांत गेलं, तोंडात गेलं. मान वाकडी करून त्यानं माझ्याकडं बघितलं.

आणि सवयीनं मी हसले.

"घेतलं! घेतलं!" मागं एकच गलका झाला. मुलाणी उठून आला. "बाजूला व्हा, वैनी." त्यानं दावं धरलं, पण बोकड हलेना. ओढलं तर माझ्या मागं दडायला लागला. मुलाणी अवघडून म्हणाला, "तुमी वाईच म्होरं चालता का? तुमच्या मागनं यील त्यो."

मी पुढं चालले. मागून टापा वाजत होत्या, शेतात निघाल्यावर वाजायच्या तशाच. लिंबाच्या पलीकडं गेल्यावर मुलाणी म्हणाला, आता जावा. मी मागं वळले नाही. ओरडायला त्याला वेळ मिळाला नसावा, किंवा मी ऐकलं नसेल.

परत आले तर पोरगं उठून बसलेलं. नणंदबाईंनी त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून त्याला मीठसाखरेचं पाणी पाजलं होतं. मोटारसायकल येऊन उभी होती, पण पोरगं चुलीकडं बघून विचारत होतं, "बें कुठंय?"

"बगितलंस? देवानं घेतलं आन् ताप उतरला," आत्याबाई म्हणाल्या.

"ऊन लागलं व्हतं त्याला, आई. सकाळपासनं बोडक्यानं पळतंय," नणंदबाई म्हणाल्या.

सकाळपासून तो बोडक्यानं पळत होता, हे खरंच होतं. टोपी माझ्या पिशवीत होती. माझं सगळं लक्ष बोकडाकडं होतं.

पंगत बसली. नवसाच्या पोराच्या आईला पहिलं वाढायचं असतं. आत्याबाई रश्श्याचं पातेलं घेऊन आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि पुढं गेल्या. मग येऊन माझ्या ताटात भाकरी आणि गुळाचा खडा ठेवला.

"अगं आई, हिला?" नणंदबाई म्हणाल्या.

"तिचा उपास हाय."

रविवारचा उपास आमच्या घरात कुणी कधी धरल्याचं मला आठवत नाही. आणि उपासाला भाकरी कोण खातं? पण पंगतीत कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आत्याबाईही पुढं कधी त्या गोष्टीवर बोलल्या नाहीत, जाईपर्यंत.

त्या दोघींपैकी खरं कुणाचं, हे मी अजून घोळवत असते. आत्याबाईंचं खरं असेल, तर मी माझं पोरगं वाचवलं. नणंदबाईंचं खरं असेल, तर त्या वेळी एक टोपी आणि तांब्याभर पाणी पुरलं असतं. वय झालं म्हणजे असल्या गोष्टींचा उलगडा होतो म्हणतात. म्हणणाऱ्यांना बोकड नसावा.

पुढं मी शेळ्या पुष्कळ पाळल्या, करडं विकली, पाहुणे आले की कोंबड्याही कापायला दिल्या. आता नातवंडांना अंघोळ मीच घालते. दंगा करतात, साबण पळवतात, मला चिंब करतात, मीही त्यांना करते. अंघोळ झाली की पुसायला मात्र त्यांच्या आईला हाक मारते.