मधली खुर्ची

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी भासऱ्यांशी, म्हणजे माझ्या मालकांच्या मोठ्या भावाशी, एक शब्दही बोललेले नाही. भांडण काही नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर उभं राहायचं नसतं, बोलायचं नसतं, आणि शिवायचं तर नाहीच. ते ओसरीवर आले की मी आत जाते. काही सांगायचं असलं की ते माझ्या पोरीला म्हणतात, "तुह्या मायले सांग." मी दाराआड उभी असते, सगळं ऐकत असते. पोरगी लहान होती तेव्हा धावत येऊन तेच पुन्हा सांगायची. मालक गेल्यावर आम्हा दोघींना भासऱ्यांनीच सांभाळलं. पोरीची शाळा, कॉलेज, आजारपण, सगळं त्यांनी पाहिलं, पण तेही असंच, मध्ये दार ठेवून.

पोरगी यवतमाळला कॉलेजात गेली आणि तिथे नाच शिकली. जोडीने करायचा विलायती नाच. तिचे सर आता पांढरकवड्याला नवा क्लास काढत होते, आणि तो पोरीने चालवावा असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे तिथेच खोली घेऊन एकटीने राहायचं. गावात कोणीतरी भासऱ्यांच्या कानावर घातलं होतं की या नाचात पोरगा पोरीच्या कमरेला धरतो. पोरीने त्यांना जाऊ का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "आधी डोळ्यानं पाह्यतो. मंग सांगतो."

सरांनी यवतमाळला सगळ्या घरच्यांना बोलावून नाचाची संध्याकाळ ठेवली होती. जाऊबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना बसचा प्रवास होत नाही. निघताना त्या हसून म्हणाल्या, "तुमी दोघं जाता खरे, पण बोलान कसे? मधात कोण हाये?" दिग्रसहून बस धरली तेव्हा भासरे पुढे ड्रायव्हरमागे बसले आणि मी मागे.

तो लग्नाचा हॉल होता. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि मधली फरशी मोकळी ठेवली होती. पोरीने आम्हाला बसवताना आमच्यामध्ये एक खुर्ची सोडली. "इथं मी बसते," म्हणाली, पण लगेच तिला तयार व्हायला बोलावलं. ती खुर्ची रिकामीच राहिली. मी पदर पुढे ओढून फरशीकडे पाहत बसले.

नाचणारी माणसं साधीच होती. एक रिटायर मास्तर आणि त्यांची बायको आले. ती उलट्या बाजूला वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमीच चुकले, माह्याकडे काहून पाह्यता?" सगळा हॉल हसला. मलाही हसू आलं, पण मी ते पदरात लपवलं. मग दोन जोड्या भरभर पाय टाकत, हात वर करून गिरक्या घेत नाचून गेल्या. त्यानंतर पोरगी आली.

काळा घेरदार झगा, केस घट्ट बांधलेले. तिच्यासमोर तिच्याच वर्गातला पोरगा. गाणं नव्हतं, नुसतं वाजत होतं, सावकाश. त्या पोराने हात पुढे केला. मला वाटलं, इथेच संपलं सगळं. भासरे आता उठतील, आणि घरी गेल्यावर पोरीला कधी पांढरकवड्याचं नाव घेता येणार नाही.

ते उठले नाहीत. डोळे न हलवता पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी मधल्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि खुर्चीला सांगितलं, "हात पाठीवरच हाये."

पोरगी त्या पोरासोबत सगळ्या फरशीभर फिरत होती. मान ताठ, नजर लांब. भासरे पुन्हा खुर्चीला म्हणाले, "चालते बापासारखी."

मालकांना जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांच्या चालण्याबद्दल घरात कोणी काही बोललं नव्हतं. मला हो म्हणायचं होतं. खुर्चीला तरी म्हणायचं होतं. जमलं नाही.

शेवटी सर म्हणाले, आता घरच्यांनीही यायचं. नाचायचं काही नाही, बाजावर चालायचं. आत बायकांचं रिंगण, बाहेर माणसांचं, आणि समोरच्याचा हात धरायचा. टाळी वाजली की बायकांनी एक माणूस पुढे सरकायचं. पोरगी येऊन माझं मनगट धरून ओढू लागली. "माय, फक्त चालाचं आहे वं. लग्नात नाही का चालत?" मी तिच्यासाठी उठले.

भासरे बसूनच होते. तेवढ्यात सर त्यांच्यापुढे वाकून म्हणाले, "काका, एक माणूस कमी पडून राह्यला. एका बाईसमोर कोणीच नाही." आता भासऱ्यांचं असं आहे की माणूस कमी पडतो म्हटलं की त्यांना बसवत नाही. कोणाच्या लग्नात वाढायला, कोणाच्या मयतीत खांदा द्यायला, ते असे किती वेळा उठले असतील. टोपी नीट करून ते उभे राहिले. त्यांची जागा माझ्यापासून लांब होती, म्हणून मला काही वाटलं नाही.

माझ्यासमोर आधी ते मास्तर होते. माझा हात घामाने ओला झाला होता. "पायाकडे पाहू नका ताई, पाय कुठं जात नाहीत," ते म्हणाले. टाळी झाली, मी पुढे सरकले. पुन्हा टाळी झाली. मान वर केली तेव्हा दिसलं की आता माझ्यासमोर आहे त्या माणसानंतर भासरेच आहेत.

बाहेर पडावं तर रिंगण मोडणार. पोरगी गाण्याच्या डब्यापाशी उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्याही लक्षात आलं होतं. टाळी वाजली.

मी पदर ओढला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या वहाणा दिसत होत्या, त्यावरची धूळ दिसत होती. त्यांनी हात पुढे केला नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला, एक टोक स्वतःच्या मुठीत धरलं आणि दुसरं माझ्याकडे केलं. मी ते धरलं. दुपट्टा ताणला गेला. बाजा वाजत होता तशी आम्ही पावलं टाकली, एक त्यांचं, एक माझं. त्यांचं पाऊल कधी पडतं ते दुपट्ट्यातून मला कळत होतं. माझंही त्यांना कळलं असेल.

मागून कोणीतरी हसलं. "काय हो काका, दोरीनं ओढता काय?" भासऱ्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

टाळी झाली तेव्हा मी टोक सोडलं. मागची बाई त्यांच्यासमोर आली तर त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि सरळ तिचा हात धरला.

परतीच्या बसमध्ये सुट्टी म्हणून पोरगीही सोबत होती. तिघांच्या सीटवर ती मध्ये बसली, मी खिडकीशी. आर्णी गेल्यावर भासरे समोर पाहत पोरीला म्हणाले, "तुह्या मायले विचार. पांढरकवड्याचं तिले पटते का?"

आजवर त्यांचे निरोप येत होते, विचारणं कधी आलं नव्हतं. पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. एकटी राहील, लोक बोलतील, लग्नाला अडचण येईल, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. तिची ताठ मानही होती.

"सांग त्यायले," मी म्हणाले, "पटते."

पोरगी काही सांगू शकली नाही. ती रडत होती. पण भासऱ्यांनी ऐकलं होतं.

"मंग सोमवारी मी जातो तिच्यासंग," ते म्हणाले. "खोली पाह्यली पाह्यजे."

हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही.