नालोक्सोनवाली अक्का

‘जित्ता शे ना? मग बस.’

कोणाचीही खबर सांगा, अक्काचं पहिलं वाक्य हेच. आमच्या साहेबांची बदली झाली, तेव्हाही तिने तेच विचारलं. धुळ्याच्या स्टँडबाहेर तिची चहाची गाडी होती. मी व्यसनी लोकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होतो आणि आमची बरीचशी माणसं तिच्याच बाकावर सापडत.

हेरॉइनसारखी नशा जास्त होऊन श्वास बंद पडू लागला, तर नालोक्सोनचं इंजेक्शन माणसाला परत आणतं. पण ते जवळ हवं. वस्तीत कोणाकडे ठेवायचं यावर आम्ही बाकावर बोलत होतो, तर अक्काच स्वतःकडे बोट दाखवत म्हणाली, ‘मनाकडे ठेवा. मना भाऊ असाच गया. तवय कोनाकडे काहीच नव्हतं.’ आणि गाळणी धुवायला लागली.

आमच्या संस्थेच्या डॉक्टरीणबाई सुई टोचायला शिकवणार म्हणून तिने भरताची वांगी आणली. नव्या सुयांनी सगळ्यांनी त्यांत पाणी टोचलं. नंतर ती वांगी पिशवीत भरताना पाहून डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या.

‘पानीच त शे. फेकानं कसाले?’

दुसऱ्या दिवशी भरीत आलं. डॉक्टरीणबाईंनी परत मागून घेतलं.

एका दुपारी गाडीमागे एक हमाल पडलेला दिसला. ओठ निळे, श्वास जवळजवळ नाहीच. ‘गर्दुल्ला आहे, राहू द्या,’ कोणीतरी म्हणालं. अक्काने बोलणाऱ्याकडे पाहिलंही नाही. मी रुग्णवाहिकेला फोन करून तोंडाने श्वास देऊ लागलो. तिने इंजेक्शन भरून मांडीत दिलं. काही नाही. थोडं थांबून दुसरं दिलं. तेव्हा कुठे त्याने लांब श्वास ओढला, डोळे उघडले आणि नशा उतरवली म्हणून तिलाच शिव्या घालू लागला.

‘दे,’ अक्का म्हणाली. ‘शिव्या देस म्हंजे श्वास चालू शे.’

तो उठून जायला बघत होता. औषधाचा असर ओसरला की श्वास पुन्हा बंद पडू शकतो, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्याच्या चपला काखेत धरून बसली. तो वाचला. बरा होऊन आला, तेव्हा मान खाली घालून उभा राहिला. तिने चहा दिला, विषय काढला नाही.

मागच्या वर्षी गुडघेदुखीने जोर केला आणि अक्का पिंपळनेरला लेकीकडे राहायला गेली. निरोपाला आम्ही स्टँडवर गेलो. त्याच हमालाने तिची पेटी एसटीत चढवली. ती खिडकीतून हात हलवील म्हणून आम्ही उभे होतो, पण तिला सवड नव्हती. गाडी सुटली तेव्हा ती मांडीवर बोट ठेवून शेजारच्या अनोळखी बाईला सुई कुठे टोचायची ते दाखवत होती.