अर्धं थालीपीठ

आइसलंड हा देश नकाशावर कुठे आहे, हे मला पार्सिपनीच्या आमच्या घरी त्या देशाच्या दोन पोरी राहायला आल्यावर कळलं. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा होता. तिथल्या पहिल्या डिव्हिजनमधला बायकांचा फुटबॉल क्लब आमच्या न्यू जर्सीत मॅचेस खेळायला आला होता आणि खेळाडूंची सोय घरोघरी करायची होती. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने मला न विचारता तिच्या कोचला सांगून टाकलं, दोघी आमच्याकडे राहतील म्हणून. मी अशी भडकले! एक तर तिचं ते फुटबॉल मला मुळीच पसंत नव्हतं. सोललेले गुडघे, रापलेलं तोंड, रविवारच्या मराठी वर्गाला दांडी. तिच्या एकाही मॅचला मी फिरकले नव्हते. पुढच्या सीझनचा फॉर्म सहीसाठी आला होता, तो मी ड्रॉवरच्या तळाशी सरकवून दिला होता. सही करायची नाही म्हणजे नाही. तिला ते कळलं असावं, कारण ती फॉर्मचं नावच काढत नव्हती.

पोरी मात्र गुणी निघाल्या. कोणी न सांगता दारातच बूट काढले, अगं बाई! मी तिथेच विरघळले. त्यातली एक गोलकीपर होती. गावी मासळीच्या कारखान्यात काम करायची आणि आपल्या छोट्या मुलीला आईपाशी ठेवून आली होती.

मॅचच्या सकाळी मी थालीपिठं लावली. भाजणी सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेली, वर लोण्याचा गोळा. गोलकीपरची ताटली रिकामी झाली की मी वाढायची. रिकामी ताटली दिसल्यावर वाढायचं नाही, हे मला कोणी शिकवलेलंच नाही. पाचवं वाढताना लेक कळवळली, "आई, प्लीज स्टॉप! शी हॅज अ गेम!"

"गप्प बस. पाहुणीचे घास मोजतेस?" मी दटावलं. गोलकीपरने तेही हसत हसत संपवलं.

पाहुण्यांना सोडायला गेले म्हणून मी मैदानावर थांबले, तर तिची अवस्था बघवेना. चेंडू यायचा आणि हिला धड वाकता येईना. हाफ टाइमपर्यंत दोन गोल झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला धावत गेले, तर लेक पाण्याची बाटली घेऊन माझ्याआधीच तिथे पोचली होती. माझ्याकडे तिची पाठ होती.

"माझ्या आईवर रागावू नकोस हं," ती इंग्रजीत सांगत होती. "तिला कोणी आवडलं ना, की तिला थांबताच येत नाही."

गोलकीपर पोट धरून हसली. "पानात टाकलं तर रांधणारीचा अपमान होतो, असं माझी आई म्हणते. मी संपवत गेले, ती वाढत गेली!" मग तिने विचारलं, "तुझी आई येते का गं तुझ्या मॅचेसना?"

"ऑलवेज," माझी लेक म्हणाली.

मी तशीच मागे फिरले. परक्या बाईसमोर पोरीने माझी लाज राखली होती, आणि लाज वाटावी असं वागले होते ती मीच. दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला नाही म्हणे. मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे काहीच नीट दिसलं नाही. त्या दोन गोलांनीच क्लब हरला.

घरी येऊन ड्रॉवर उपसला आणि उभ्या उभ्या सही केली.

सप्टेंबरात लेकीची पहिली मॅच आली. सकाळी तिच्या ताटलीत मी अर्धं थालीपीठ वाढलं. जन्मात कोणाला अर्धं वाढलं नव्हतं, हात नुसता शिवशिवत होता.

"अर्धंच?" ती बघतच राहिली.

"अर्धंच. बाकीची डब्यात घेतली आहेत. मॅच झाली की तिथेच खा."

"तू येतेस?"

"ऑलवेज," मी म्हटलं, आणि चपला शोधायला लागले.